वाचकांचे प्रश्न : वेलुवेची टेकडी आणि तिच्यावरचा जांभळा माळ

गेल्या महिन्यात हिमोढांविषयीच्या, म्हणजे बर्फाने रेटून आणलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यांविषयीच्या, एका उत्तरात मी नेदरलँड्समधील वेलुवे या टेकाड प्रदेशाचा ओझरता उल्लेख केला होता. ‘बर्फाने ढकलून उभी केलेली आणि मेंढ्यांनी उघडी ठेवलेली टेकडी’ असे ते वाक्य होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या अंकाची सारी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

माझी मुलगी वागेनिंगेन येथील कृषी विद्यापीठात शिकते. नेदरलँड्स म्हणजे सपाट देश, त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली, असे आम्ही शाळेत शिकलो; पण तिच्या गावाला लागूनच टेकडी आहे आणि सायकल दमवणारा चढ आहे. टेकडीवर कातळ कुठेच नाही, नुसती वाळू आणि गोटे आहेत. तिने आणलेल्या गोट्यांत बहुतेक पांढरे, गारगोटीसारखे आहेत आणि एक लालसर ठिपक्यांचा आहे. ही समुद्राच्या वाऱ्याने साठलेली वाळूची टेकडी आहे का? — एक वाचक, नाशिक

नाही. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या त्या देशात आहेत, पण त्या पश्चिमेकडे, समुद्राला लागून. आपल्या कन्येच्या गावाजवळची टेकडी ही वेलुवे नावाच्या सुमारे एक हजार चौरस किलोमीटरच्या उंचवट्याचे नैर्ऋत्य टोक आहे आणि तिच्यातली वाळू वाऱ्याने आणलेली नसून नदीने आणलेली आहे. मात्र नदीने ती आडवी अंथरली होती. उभी केली ती बर्फाने.

सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या आधीच्या हिमयुगात, स्कँडिनेव्हियातून निघालेली हिमचादर दक्षिणेकडे सरकत आजच्या नेदरलँड्सच्या मध्यापर्यंत आली. हार्लेम, उट्रेख्ट आणि नाईमेखेन ही तीन शहरे नकाशावर रेघेने जोडली, तर ती तिची दक्षिण सीमा ढोबळमानाने मिळते. त्या वेळी या भूभागावर ऱ्हाईन आणि मास या नद्यांनी लाखो वर्षे आणून टाकलेली वाळू, गोटे आणि मधूनमधून चिकणमाती असे थरावर थर होते. हिमचादरीची कड सरळ नसते. तिला जिभेसारखे फाटे फुटतात आणि ते आधीच्या नदीखोऱ्यांतून पुढे घुसतात. अशी एक जीभ आजच्या गेल्डरसे व्हॅली या सखल पट्ट्यात आणि दुसरी पूर्वेला आयसेल नदीच्या खोऱ्यात शिरली.

पुढे काय झाले हे समजायला भातलावणीच्या चिखलात पाय रोवून पाहावे. पावलाखालचा चिखल दबतो आणि कडेने वर येतो. हिमजिव्हेच्या भाराने तिच्याखालची जमीन दबली, खरवडली गेली, आणि ते सारे द्रव्य तिच्या कडांना वर रेटले गेले. फरक इतकाच, की चिखल लिबलिबीत असतो आणि येथली जमीन बव्हंशी गोठलेली होती. त्यामुळे ती ओघळून न जाता तिच्या जाडजूड लाद्या निघाल्या. खालच्या चिकणमातीच्या थरांत दाबाखाली अडकलेले पाणी वंगणासारखे उपयोगी पडले, आणि त्या लाद्या त्यावरून घसरत, कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढल्या. वाळूच्या जुन्या खाणींच्या भिंतींत एके काळी आडवे असलेले थर तिरके, कुठे कुठे जवळजवळ उभे झालेले दिसतात, ते यामुळेच. जिभेच्या जागी उरलेला खळगा मूळच्या पातळीपासून शंभर मीटरहून अधिक खोल होता. पुढे तो गाळाने भरून आला, म्हणून आज तेथे फक्त सपाट हिरवी शेते दिसतात. आपल्या कन्येने टेकडीच्या कडेवर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. समोर सपाट पट्टा आणि त्यापलीकडे ग्रेबेबर्ख नावाची दुसरी टेकडी दिसेल. ती उट्रेख्टच्या टेकड्यांच्या रांगेचे दक्षिण टोक आहे. त्या दोन टेकड्या म्हणजे एकाच हिमजिव्हेच्या दोन बाजूंच्या कडा आहेत.

आता गोट्यांविषयी. पांढरे गोटे हे बेल्जियमकडचा आर्देन डोंगराळ प्रदेश आणि ऱ्हाईनकाठचे डोंगर यांतून नद्यांनी घासत, गोल करीत आणलेले गारेचे गोटे होत. लालसर ठिपक्यांचा दगड ग्रॅनाइट असेल, तर तो बहुधा स्वीडन किंवा फिनलंडच्या बाजूने बर्फात गोठून आलेला पाहुणा आहे, कारण त्याचा मूळ कातळ दक्षिणेच्या नदीखोऱ्यांत नव्हे, उत्तरेला आहे. एका मुठीत दक्षिणेकडून पाण्याने आणलेले आणि उत्तरेकडून बर्फाने आणलेले दगड एकत्र सापडावेत, असा योग फार थोड्या ठिकाणी येतो. तो संच जपून ठेवावा.

शाळेतल्या पाठाविषयी एक दुरुस्ती. त्या देशाचा सुमारे चतुर्थांश भूभागच समुद्रसपाटीखाली आहे. वेलुवेचा सर्वोच्च बिंदू ११० मीटरच्या आसपास आहे. आपल्या डोळ्यांना ती टेकडीही वाटणार नाही, पण त्या देशात तिला ‘डोंगर’ म्हणतात आणि सायकलीवरून पाहिले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

चित्रांमध्ये ऑगस्ट महिन्यात हा सारा प्रदेश जांभळ्या फुलांनी भरलेला दिसतो आणि मैलोन्मैल एकही मोठे झाड दिसत नाही. पाऊस तर बारमाही पडतो असे वाचले. मग जंगल का वाढत नाही? हा हिमयुगापासून तसाच राहिलेला निसर्ग आहे काय? — भूगोलाचे एक शिक्षक, सातारा

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे सहज सुचणारे उत्तर चुकीचे आहे. टेकडी हिमयुगाची आहे. माळ हिमयुगाचा नाही. तो शेतकऱ्यांनी केलेला आहे, आणि तोही जमीन खराब करून.

बर्फ वितळून गेल्यावर समुद्र आत आला, हवामान उबदार झाले, पुन्हा थंड झाले. शेवटच्या हिमयुगात हिमचादर नेदरलँड्सपर्यंत पोचलीच नाही. मात्र तेथील जमीन कायमची गोठलेली होती, झाडे नव्हती, आणि उघड्या भूमीवरून वाऱ्याने बारीक वाळू उडवून उतारांवर आणि सखल भागांवर तिची चादर पसरली. उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे पाणी गोठलेल्या जमिनीत मुरू शकत नसे, म्हणून ते वरून वाहिले आणि त्याने उतारांत दऱ्या कोरल्या. आज त्या दऱ्या कोरड्या आहेत, कारण जमीन वितळल्यापासून पावसाचा थेंबन् थेंब वाळूत मुरतो. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हे हिमयुग सरले आणि हळूहळू बर्च, पाइन, मग ओक आणि लिंडेन यांचे अरण्य या टेकडीवर उभे राहिले. म्हणजे जंगल वाढू शकत होते, आणि वाढले होते.

मग ते गेले कोठे? नवाश्मयुगापासून तेथे शेती सुरू झाली, झाडे तुटली, गुरे चरू लागली. त्या काळातील मृतांवर रचलेले मातीचे गोल ढिगारे वेलुवेवर आजही शेकड्यांनी आहेत. अशा ढिगाऱ्यांखाली दबून राहिलेल्या जुन्या भूपृष्ठातील परागकण तपासले, तेव्हा त्यांत हेदरचे, म्हणजे माळाला जांभळा रंग देणाऱ्या बुटक्या झुडपाचे, परागही सापडले. याचा अर्थ माळाचे तुकडे तेव्हापासूनच होते. परंतु क्षितिजापर्यंत पसरलेला माळ झाला तो मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून, एका विशिष्ट शेतीपद्धतीमुळे.

या वाळूत गारेचे प्रमाण प्रचंड, आणि झिजून पोषक द्रव्ये देतील अशी खनिजे फार थोडी. पाणी धरवत नाही. खत नसेल तर दोन-तीन पिकांत शेत संपते. तेथला शेतकरी राय हे धान्य आणि बकव्हीट (कुट्टू) पिकवत असे, आणि खतासाठी त्याने असा उपाय काढला : मेंढ्या दिवसभर गावच्या सामायिक माळावर चरत आणि रात्री गोठ्यात येत. गोठ्याची जमीन खड्ड्यासारखी खोल असे. शेतकरी माळावरून हेदरची मुळे आणि त्यांना चिकटलेली काळी माती यांच्यासकट ढेकळांचे पापुद्रे फावड्याने सोलून आणी आणि ते गोठ्यात अंथरी. त्यावर लेंड्या आणि मूत्र पडे, मग पुन्हा थर, पुन्हा लेंड्या. गोठ्याची पातळी वर चढत जाई. वसंत ऋतूत हे सारे उपसून शेतावर पसरायचे. एक हेक्टर शेत जिवंत ठेवायला अनेक हेक्टर माळ असा सोलावा लागे, आणि सोललेल्या जागी हेदर पुन्हा धरायला बरीच वर्षे जात.

शतकानुशतके हे चालले. खताबरोबर वाळूही शेतावर येत राहिल्याने शेताची पातळी अंदाजे वर्षाला एक मिलिमीटर या गतीने चढत गेली. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण गावाजवळच्या त्या जुन्या शेतांत आज पन्नास सेंटिमीटरपासून मीटरभर जाडीचा काळपट, माणसाने घडवलेला मातीचा थर आहे. दुसऱ्या टोकाला माळ तितकाच नागवला जात होता. डोंगरावरची सुपीकता गाडीगाडीने उचलून गावच्या शेतात नेण्याचा हा व्यवहार होता, आणि जांभळा माळ हे त्याचे उरलेले टरफल आहे.

हेदर मात्र या नागवणुकीत तगते. तिला आम्ल, उपाशी जमीन चालते. गवतांना चालत नाही. तिच्या पानांचा कुजका थर जमिनीला आणखी आम्ल करतो. त्यातून झिरपणारे पाणी वरच्या वाळूतील लोह, ॲल्युमिनियम आणि काळे सेंद्रिय द्रव्य धुऊन खाली नेते. जमिनीचा उभा छेद घेतला, तर वर काळा थर, त्याखाली राखेच्या रंगाची धुतलेली वाळू, आणि त्याखाली तांबूस-काळा, कधी कधी फावड्याला दाद न देणारा कठीण थर दिसतो. अशा मातीला पॉडझॉल म्हणतात. हा शब्द रशियन शेतकऱ्यांचा आहे आणि त्यात ‘राख’ हा अर्थ आहे. वर्गात शिकवताना मुले नेहमी विचारतात, ही राख कशाची? ती राख नाहीच. रंग धुतला गेलेली वाळू आहे.

जेथे सोलणे आणि चारणे अति झाले तेथे हेदरही टिकली नाही आणि वाळू वाऱ्यावर उडू लागली. कोटवाइक येथे मध्ययुगातील एक वस्ती उडत्या वाळूखाली गेली होती, ती १९७० च्या दशकातील उत्खननात उघडी झाली. तेथील सुमारे सातशे हेक्टरचे वाळूचे मैदान पश्चिम युरोपात अशा प्रकारचे सर्वांत मोठे मानले जाते. एके काळी गावकऱ्यांनी जिला थोपवण्यासाठी जिवाचे रान केले, ती उडती वाळू आता दुर्मीळ झाली म्हणून झाडे तोडून मोकळी ठेवली जाते!

आपण सांगितलेली पद्धत आमच्या कोकणातल्या राबासारखी वाटते. साम्य खरे आहे की वरवरचे? — एक वाचक, चिपळूण

खरे आहे, निदान हिशोब एकच आहे. राबासाठी रानातला टहाळ, पाला, गवत आणि शेण रोपवाटिकेच्या वाफ्यावर रचून भाजले जाते, म्हणजे मोठ्या क्षेत्रातले पोषण लहान क्षेत्रावर एकवटले जाते. वेलुवेवर भाजण्याऐवजी कुजवत असत, आणि पाल्याबरोबर मातीही उचलत असत. त्यामुळे रान जास्त लुटले जाई. दोन्हीकडे भांडणही एकाच ठिकाणी पेटले. रान कोणाचे? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या टहाळावरून शेतकरी आणि वनखाते यांच्यातील वाद १८८० च्या दशकात इतका वाढला, की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. वेलुवेच्या बाजूला सामायिक माळ सांभाळणाऱ्या ग्रामसंघांची उरलीसुरली मालमत्ता वाटून टाकण्याचा कायदा १८८६ चा आहे.

धनगरांची मेंढरे खतासाठी शेतात बसवण्याची आपल्या देशावरची रीत मात्र याच्या उलट आहे. तेथे कळप शेतापाशी येतो आणि खत जागेवरच पडते. वेलुवेच्या शेतकऱ्याला थंडीमुळे आणि माती वाढवण्याच्या गरजेमुळे ते गोठ्यातूनच न्यावे लागले. सड्यावरच्या जांभ्याशी पॉडझॉलची तुलना आपण पत्रात केली आहे. दोहोंत लोह आहे एवढ्यावर ती थांबवावी. जांभा उष्ण हवेत बेसॉल्टसारखा खडक कुजून तयार होतो, आणि त्याला लागणारा काळ फार वेगळा आहे.

महाराष्ट्रात कोठे हिमनदीच्या खुणा आहेत काय? — एक विद्यार्थिनी, वर्धा

आहेत, आणि आपल्यापासून फार दूर नाहीत. पण त्या वेलुवेच्या हिमयुगाच्या नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे पैनगंगेच्या परिसरात चुनखडकाच्या पृष्ठावर समांतर ओरखडे आहेत, आणि त्यावर तालचीर नावाच्या जुन्या खडकगटातील गोटेमिश्रित थर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७० च्या दशकात त्या ओरखड्यांकडे लक्ष वेधले. बर्फात रुतलेले दगड कातळावरून घासत गेले की असे ओरखडे उमटतात. ते सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, जेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूच्या गोंडवन भूमीचा भाग होता. वेलुवेचे बर्फ दीड लाख वर्षांपूर्वीचे. त्या हिशोबाने ते कालपरवाचेच.

माळ जपण्यासाठी तेथे यंत्रांनी मातीचा वरचा थर खरवडून नेतात असे वाचले. सुपीक माती फेकून देणे हे संवर्धन कसे? आणि तेथील शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चांशी याचा काही संबंध आहे का? — एक शेतकरी वाचक, बारामती. याच आशयाची आणखी तीन पत्रे

संबंध आहे, आणि तो त्या दोन हिमकडांच्या मधोमध बसलेला आहे. पण आधी माळाचे पुढे काय झाले ते सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरून आणलेली खते आणि मग रासायनिक खते मिळू लागली. ऑस्ट्रेलियाच्या लोकरीपुढे वेलुवेच्या मेंढीला भाव उरला नाही. गोठ्यात माती अंथरण्याचे कारणच संपले. सरकारी कागदोपत्री या माळांना ‘ओसाड जमिनी’ म्हणत. आपल्या ‘पडीक’ या शब्दाप्रमाणेच तो शब्दही फसवा आहे, कारण ज्या जमिनीने पाचशे वर्षे गावाला खत पुरवले तिला ओसाड म्हणणे हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. १८८८ मध्ये माळ लागवडीखाली आणण्यासाठी अर्न्हेम येथे एक संस्था निघाली, १८९९ मध्ये सरकारी वनखाते स्थापन झाले, आणि माळावर रांगांनी स्कॉट्स पाइन लावले गेले. देशाच्या दक्षिणेकडील लिंबुर्ख प्रांताच्या कोळसा खाणींत छताला टेकू देण्यासाठी सरळ, स्वस्त लाकूड हवे होते. त्या खाणी १९७४ अखेर बंद झाल्या. पाइन उभे राहिले. काही भाग लष्कराने घेतला. एदे गावाजवळच्या गिंकेल माळावर १८ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश छत्रीधारी सैनिक उतरले, कारण उतरण्याइतकी मोकळी जागा तेथे होती, आणि ती मोकळी होती ती मेंढ्यांमुळे. एका धनाढ्य उद्योजक दांपत्याने शिकारीसाठी आणि निवासासाठी विकत घेतलेल्या माळाचे १९३५ मध्ये न्यासाकडे हस्तांतर झाले. तेच आजचे सुमारे ५,४०० हेक्टरचे होखे वेलुवे राष्ट्रीय उद्यान. देशभर मात्र माळ आटत गेला. आज संपूर्ण नेदरलँड्समध्ये तो चाळीस हजार हेक्टरच्या आसपास उरला आहे.

उरलेला माळ तसाच सोडून दिला तर काय होईल? आधी गवत माजेल, मग बर्च आणि पाइनची रोपे येतील, आणि काही दशकांत जंगल होईल. त्यात वाईट काय, असे कोणी म्हणू शकेल, आणि तेथेही म्हणणारे आहेत. परंतु पाली, साप, फुलपाखरे, भुईवर घरटी करणारे पक्षी अशी मोठी प्रजा या उघड्या, उपाशी माळावरच जगते. म्हणून जुन्या शेतकऱ्याचे काम आता संवर्धकांनी अंगावर घेतले आहे : कळप चारणे, हेदर कापणे, छोटे पट्टे जाळणे, रोपे उपटणे आणि वरचा थर सोलून नेणे. फरक एवढाच, की शेतकऱ्याला ती माती हवी होती आणि आज ती नेऊन टाकायची कोठे हा प्रश्न असतो. जमीन गरीब ठेवणे हेच तेथे संवर्धन आहे. आपल्यासारख्या शेतकऱ्याला हे पटणे कठीण जाईल याची मला कल्पना आहे.

आता ट्रॅक्टरकडे येऊ. पहिल्या उत्तरात सांगितलेला गेल्डरसे व्हॅली हा हिमजिव्हेचा बुजलेला खळगा आठवा. तो आज कोंबड्या, डुकरे आणि गुरे यांच्या दाट पशुपालनाचा पट्टा आहे. बार्नेवेल्ड हे तेथील गाव कोंबडीपालनासाठी देशभर प्रसिद्ध आहे. या जनावरांचे पुष्कळसे खाद्य, विशेषतः सोयाबीन, दक्षिण अमेरिकेतून येते. त्यांच्या खतातून अमोनिया वायू उठतो आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या टेकडीवर जाऊन पडतो. शतकानुशतके टेकडीवरचे पोषण खाली शेताकडे जात होते; आता ते आकाशमार्गे खालून वर जाते, आणि तेही दुसऱ्या खंडातल्या जमिनीचे.

हेदरच्या माळाला वर्षाला हेक्टरी दहा-पंधरा किलोंच्या पुढे नत्र सोसत नाही. आपल्या उसाला आपण किती देतो हे आठवले की आकडा किती लहान आहे ते कळेल. त्यापुढे गेले की उंच तुऱ्याची गवते हेदरला झाकून टाकतात, आणि नत्राने कोवळ्या झालेल्या हेदरवर तिची पाने खाणारा एक लहान भुंगा तुटून पडतो. आणखी एक हानी डोळ्यांना दिसत नाही. नत्राबरोबर जमीन अधिक आम्ल होते आणि मुळातच थोडे असलेले कॅल्शियम धुऊन जाते. वेलुवेच्या रानात १९८० आणि ९० च्या दशकांत संशोधकांना आढळले, की ग्रेट टिट या पक्ष्याची (आपल्याकडच्या राखी वल्गुलीचा हा जवळचा भाऊबंद) अंडी पातळ कवचाची निघत होती. कारण शोधता ते गोगलगायींपर्यंत पोचले. मादी कवचासाठी लागणारे कॅल्शियम शंखांतून मिळवते, आणि आम्ल जमिनीत गोगलगायीच उरल्या नव्हत्या. अलीकडे काही भागांत खडकाची पूड पसरून झिजलेली खनिजे परत देण्याचे प्रयोग झाले आहेत. माती सोलण्यात नत्राबरोबर हे कॅल्शियमही जाते, म्हणून सोलण्याचा उपाय आता पूर्वीइतका सरसकट वापरू नये असे मत तेथे बळावले आहे, आणि मला ते योग्य वाटते.

२९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्राविषयीची सरकारी योजना अवैध ठरवली. नत्र पुढे कमी होईल या भरवशावर आज परवाने देता येणार नाहीत, असा निकालाचा रोख होता. हजारो परवाने अडकले. गोठे, रस्ते, घरे, सगळेच. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरात उतरले. सुमारे ९० हजार हेक्टरचा वेलुवे हा युरोपीय कायद्याने संरक्षित प्रदेश असल्याने आणि पशुपालनाचा पट्टा त्याला खेटून असल्याने, या वादात त्याचे नाव वारंवार येते. शेतकऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे : जास्त जनावरे पाळा, निर्यात वाढवा, असे सरकार आणि बँका त्यांना कित्येक दशके सांगत आल्या, आणि कर्जे त्याच हिशोबाने दिली गेली. बापाने ऐकले म्हणून मुलाला शिक्षा, असे त्यांना वाटत असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण माळावरचे नत्र त्यामुळे कमी होत नाही.

माझ्या भावाला वेलुवेच्या एका रानवाटेवर अंड्याएवढा तपकिरी दगड मिळाला. हलवला की आत काहीतरी खुळखुळते. हे काय असावे? — एक वाचक, ठाणे

त्याला तेथे ‘खुळखुळता दगड’ अशा अर्थाचेच नाव आहे. लोहयुक्त पाणी वाळूतील चिकणमातीच्या गोळ्याभोवती थराथराने साका धरते आणि लोहाचे कठीण कवच बनते. पुढे आतली माती सुकून आक्रसते आणि सुटी होते. भावाने तो फोडू नये. सातव्या शतकापासून दोन-तीन शतके असेच दगड खणून, कोळशाच्या भट्ट्यांत घालून वेलुवेवर लोखंड काढले जात असे. हूग सूरेनच्या आसपासच्या रानात त्या खाणकामाचे खड्डे अजून ओळखता येतात. भट्ट्यांना लागलेल्या कोळशासाठी किती ओक गेले असतील, हा हिशोबही माळाच्या जन्मकथेत धरला पाहिजे.

टेकडीवर ओढे नाहीत असे आपण म्हणता, पण पायथ्याशी जुन्या पाणचक्क्या दिसतात. पाणी कोठून येते? — एक वाचक, पुणे

टेकडीच्या पोटातून. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाली साठते आणि पायथ्याकडे हळूहळू सरकते. काही पाणी बाहेर यायला कित्येक दशके लागतात. लोकांनी उतारात चर खणत भूजलाच्या पातळीपर्यंत पोचायचे आणि ते पाणी कृत्रिम ओढ्याने, बांध घालून शक्य तितक्या उंचीवरून न्यायचे, म्हणजे चक्कीला उडी मिळते, अशी व्यवस्था केली. सतराव्या शतकापासून आपेलडोर्नच्या परिसरात अशा ओढ्यांवर कागदाच्या चक्क्या चालत. कागदाला लोह नसलेले स्वच्छ पाणी लागते आणि ते वाळूने गाळून दिलेले होते. पुढे त्यांतील कित्येकांची धुलाईगृहे झाली. कारण तेच, निर्मळ पाणी. मात्र पाइनची दाट सदाहरित लागवड हेदरपेक्षा जास्त पाणी पिते, आणि विहिरींचा उपसाही वाढला. त्यामुळे काही ओढे आटले आहेत.

येत्या उन्हाळ्यात मुलाकडे जाणार आहोत. हे सारे एका दिवसात पाहता येईल का? — एक ज्येष्ठ दांपत्य, डोंबिवली

ऑगस्टचा उत्तरार्ध निवडावा. हेदर तेव्हा फुलते. अर्न्हेमच्या पूर्वेला पोस्बांक नावाचे ठिकाण आहे, तेथून कोरड्या दऱ्या आणि माळ एका नजरेत दिसतात. चढ सौम्य आहे, पण गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी असू द्यावी. कळप पाहायचा असेल तर एदेजवळ गिंकेलच्या माळावर मेंढवाडा आहे. फुलांचे छायाचित्र सगळेच काढतात. आपण वाटेच्या कडेला जेथे उतार ढासळला असेल तेथे थोडे वाकून पाहावे. काळ्या थराखाली राखेच्या रंगाची पट्टी आणि तिच्याखाली तांबूस थर दिसला, तर पॉडझॉल सापडला असे समजावे. तो दिसला नाही, तर वागेनिंगेनमध्ये मातीचे एक संग्रहालय आहे. तेथे निरनिराळ्या देशांतील जमिनींचे उभे छेद जसेच्या तसे चिकटवून भिंतीला लावले आहेत. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.